१९१२१९६१ : मुक्तिदिनाची तारीख घेऊन मोठी संख्या फोडायला शिका

एकोणीस बारा एकसष्ट. गोव्यात ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. तर झालं असं की गेल्या १९ डिसेंबरला सुट्टी म्हणून बहिणीकडे डिचोलीला गेलो होतो, भाची सातवीत आहे, ती वहीच्या मागच्या पानावर तारीख सलग लिहून बसलेली, १९१२१९६१, मधे रेघ नाही टिंब नाही, आणि मला म्हणते मामा, ही प्राईम आहे का? मी म्हटलं छे, तीनने जाते बघ. ती म्हणाली ते मला पण कळलं, पुढे काय? आणि ते "पुढे काय" सांगता सांगता हुमण थंड झालं नि बहिणीची बोलणी खाल्ली.

तेच इथे नीट लिहून काढतोय. दहावीनंतर गणिताला हात न लावलेल्यांनी पण वाचावं, कागद, पेन आणि मोबाईलचा साधा कॅल्क्युलेटर एवढं पुरे. आमच्याकडे प्रायमरी मराठीत आणि पाचवीपासून इंग्लिश, त्यामुळे मी मूळसंख्या आणि प्राईम दोन्ही शब्द मिसळून वापरणार, समजून घ्या. मूळसंख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेच पूर्ण भाग जात नाही, उदाहरणार्थ २, ३, ५, ७, ११.

आधी संख्या नीट उतरवून घ्या

हसू नका. एक कोटी एक्क्याण्णव लाख एकवीस हजार नऊशे एकसष्ट असं एकदा मोठ्याने वाचा. मी स्वतः पहिल्यांदा मोबाईलवर १९१२१६९१ टाईप केलं, ६ आणि ९ ची अदलाबदल, आणि पाऊण तास भलतीच संख्या फोडत बसलो. ही चूक पकडायची एक युक्ती आहे, ती पुढे सांगतो.

छत ठरवा

नवीन माणूस काय करतो, २ पासून सुरू करतो आणि कुठे थांबायचं हेच त्याला माहीत नसतं, म्हणून तो घाबरतो. थांबायची जागा म्हणजे वर्गमूळ. संख्येचे दोन भाग झाले तर दोन्ही भाग वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत, नाहीतर गुणाकार संख्येच्या बाहेर जाईल. म्हणजे वर्गमुळापर्यंत काही सापडलं नाही तर वर शोधायची गरजच नाही.

आपल्या संख्येचं बघा: ४३७२ चा वर्ग १९११४३८४ आणि ४३७३ चा वर्ग १९१२३१२९. आपली संख्या दोघांच्या मधे बसते. एका दगडात दोन पक्षी, ती पूर्ण वर्ग नाही हेही कळलं आणि ४३७२ हे छत मिळालं. आता ४३७२ पर्यंत मूळसंख्या साडेपाचशेच्या वर आहेत, तेवढे भागाकार कोण करणार? करायचेच नाहीत. लहान अवयव सापडला की लगेच भागून टाकायचं, संख्या लहान होते, छत खाली येतं. या कामातली खरी मेख ही एवढीच आहे, बाकी सगळी हमाली.

सोप्या कसोट्या

शेवटी १ आहे, म्हणजे २ नाही आणि ५ नाही, संपलं. अंकांची बेरीज १+९+१+२+१+९+६+१ = ३०. तीस तीनने जातात, नऊने जात नाहीत. म्हणून ३ एकदाच निघणार:

१९१२१९६१ ÷ ३ = ६३७३९८७

आता मूळ तारीख विसरा, यापुढे फक्त ६३७३९८७. छत पण लगेच बदला, २५२४ चा वर्ग ६३७०५७६ आणि २५२५ चा ६३७५६२५, म्हणजे आता २५२४. एका तीनने छत जवळजवळ निम्म्यावर आलं.

७, ११ आणि १३ एका फटक्यात

शाळेत या तिघांच्या कसोट्या वेगवेगळ्या शिकवतात आणि सातची तर कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा की ७ × ११ × १३ = १००१. म्हणून उजवीकडून तीन तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने वजा, अधिक करायचं:

९८७ − ३७३ + ६ = ६२०

जे काय व्हायचं ते आता या ६२० वर. सातने भागलं तर बाकी ४, अकराने पण ४, तेराने ९. तिघेही बाद. सत्तर लाखांच्या आतला आकडा तीन अंकांवर आला आणि उत्तर तेच राहिलं, मला अजून पण हे बघताना मजा वाटते.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट फक्त गोव्यातच चालते. आपले सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात, आणि ४०३ = १३ × ३१. म्हणजे ४०३००० ला १३ आणि ३१ दोघांनीही भाग जातो. मग गोव्यातला कुठलाही पिनकोड १३ ने किंवा ३१ ने जातो का हे बघायला फक्त शेवटचे तीन अंक बघायचे! पणजी ४०३००१, शेवटी १, दोघांनीही बाकी १. मडगाव ४०३६०१, तर ६०१ ला १३ ने भागून बाकी ३. म्हापसा ४०३५०७, आणि ५०७ = १३ × ३९, म्हणजे म्हापशाचा पिनकोड तेराने जातो, ४०३५०७ = १३ × ३१०३९, आणि ते ३१०३९ मूळसंख्या आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सांगून कुणी चणे स्वस्त देणार नाही, पण सरावाला पिनकोड बेस्ट, सहा अंकी असतात आणि घरच्या घरी मिळतात. तुमच्या गावचा करून बघा.

१७ आणि १९, शेपूट कापायची पद्धत

सतरासाठी शेवटचा अंक कापायचा, त्याची पाचपट उरलेल्यातून वजा करायची, आणि असंच करत लहान होईपर्यंत जायचं. ६३७३९८७ मधला ७ कापला, ६३७३९८ − ३५ = ६३७३६३. मग ६३७३६ − १५ = ६३७२१, मग ६३७२ − ५ = ६३६७, मग ६३६ − ३५ = ६०१, मग ६० − ५ = ५५. पंचावन्न सतराने जात नाही, बाद. (एक सांगतो, शेवटी उरलेल्या ५५ वरून मूळ संख्येची बाकी काढायला जाऊ नका, ही पद्धत फक्त "जातो की नाही" सांगते. १००१ वाली बाकी पण बरोबर देते, हा फरक आहे.)

एकोणीससाठी उलट, शेवटच्या अंकाची दुप्पट मिळवायची. ६३७३९८ + १४ = ६३७४१२. ६३७४१ + ४ = ६३७४५. ६३७४ + १० = ६३८४. ६३८ + ८ = ६४६. ६४ + १२ = ७६. आणि ७६ म्हणजे १९ चोक! भाचीने इथे ओरडूनच दाखवलं, कारण तारखेची सुरुवातच १९ ने होते आणि तोच आतून निघाला. योगायोग आहे, त्याच्यात काही गूढ शोधू नका, पण छान योगायोग आहे.

६३७३९८७ ÷ १९ = ३३५४७३

छत? ५७९ चा वर्ग ३३५२४१, ५८० चा ३३६४००. म्हणजे आता फक्त ५७९ पर्यंत. साडेचार हजाराच्या आसपासवरून सहाशेच्या आत आलो.

आता हमाली

३३५४७३ साठी २ ते १७ परत बघायचे नाहीत, ते आधीच बाद झाले (३ चं तेवढं परत बघा, अंकांची बेरीज २५, नाही). १९ मात्र परत बघायचा, कारण एखादा अवयव दोनदा पण असू शकतो, नवीन लोक हे हमखास विसरतात. १९ पासून ५७७ पर्यंत मूळसंख्या आहेत ९९. होय, नव्व्याण्णव भागाकार. एकदा तरी हाताने करा, कारण केल्याशिवाय आकड्याशी ओळख होत नाही. मी अर्धे घरी केले नि अर्धे डिचोली ते पणजी कदंबच्या बसमधे, बाजूच्या माणसाला वाटलं मी मटक्याचा हिशोब करतोय.

कॅल्क्युलेटरवर बाकी कशी काढायची ते सांगतो, कारण त्यावर दशांश येतात. ३३५४७३ ÷ २३ केलं तर १४५८५.७८२६ असं काहीतरी येतं. पॉईंटच्या पुढचा भाग घ्यायचा, ०.७८२६, त्याला परत २३ ने गुणायचं, १८ येतात. तीच बाकी. पूर्ण भाग गेला असता तर पॉईंटनंतर काहीच आलं नसतं. प्रत्येक मूळसंख्येपुढे बाकी लिहून ठेवा, नुसती फुली मारू नका, उद्या शंका आली तर कुठून परत सुरू करायचं ते कळत नाही.

वाटेत ही संख्या भारी चकवते. २९ ला बाकी १. २४१ ला पण बाकी १. ५९ ला तर एक कमी पडतो, ५९ × ५६८६ = ३३५४७४. दर वेळी वाटतं सापडला, आणि हुकतो. २९ आणि २४१ चं कारण म्हणजे, शेजारची ३३५४७२ ही २ × २ × २ × २ × ३ × २९ × २४१ अशी पूर्ण चुरा होणारी संख्या आहे, आणि आपली तिच्या बाजूला दगडासारखी उभी. ५७७ ला बाकी २३६ आली की संपलं, ३३५४७३ मूळसंख्या आहे. म्हणून

१९१२१९६१ = ३ × १९ × ३३५४७३

ज्यांना ९९ भागाकारांचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी फर्माचा एक नियम आहे, १६४० चा: संख्या प मूळ असेल (आणि २ नसेल) तर २ चा (प − १) वा घात काढून प ने भागला की बाकी १ च येते. एवढा मोठा घात कोण काढणार असं वाटेल पण दर पायरीला वर्ग करायचा आणि लगेच बाकी घ्यायची, वीसेक पायऱ्यांत होतं. आपल्या ३३५४७३ ला बाकी १ च येते. पण सावध, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की फुटते, आणि १ आली तर मात्र "बहुतेक मूळ" एवढंच. ३४१ बघा, ती ११ × ३१ आहे आणि तरी या चाचणीत साळसूदपणे पास होते.

उत्तर तपासा

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांची एक सवय होती, कुठलाही गुणाकार झाला की कोपऱ्यात फुली काढून चार बाजूंना चार आकडे मांडायचे आणि म्हणायचे प्रोवा दुश नोव्ह. नवाचा ताळा. अंकांची बेरीज एक अंक होईपर्यंत करायची: ५७ चे १२, त्याचे ३. ३३५४७३ चे २५, त्याचे ७. तीन सत्ते एकवीस, त्याचे ३. आणि १९१२१९६१ चे ३०, त्याचे पण ३. जमलं.

पण आजोबांचा ताळा माझी टायपिंगची चूक पकडू शकला नसता, कारण ६ आणि ९ ची जागा बदलली तरी बेरीज तीसच. तिथे अकराचा ताळा लागतो. उजवीकडून एक सोडून एक अधिक आणि वजा: १ − ६ + ९ − १ + २ − १ + ९ − १ = १२, अकराने बाकी १. ५७ साठी ७ − ५ = २. ३३५४७३ साठी ३ − ७ + ४ − ५ + ३ − ३ = −५, म्हणजे अकरा मिळवून ६. दोन सक बारा, बाकी १. बरोबर. आणि माझ्या त्या चुकीच्या १९१२१६९१ ची बाकी ६ येते, लगेच चोर सापडला असता. दोन्ही ताळे मिळून लावा.

फोडून झाल्यावर काय काय मिळतं

खरी मजा इथून. तीन वेगवेगळे मूळ अवयव, प्रत्येक एकदाच. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून विभाजक २ × २ × २ = ८. ते असे: १, ३, १९, ५७, ३३५४७३, १००६४१९, ६३७३९८७ आणि स्वतः. दोन कोटींच्या घरातल्या संख्येला फक्त आठ, बिचारीला गोतावळा कमीच. सगळ्यांची बेरीज एकेक करून मांडायची गरज नाही, (१+३) × (१+१९) × (१+३३५४७३), म्हणजे ४ × २० × ३३५४७४ = २६८३७९२०. यातून स्वतःला वजा केलं तर ७७१५९५९ उरतात, स्वतःपेक्षा बरेच कमी. परिपूर्ण संख्येत हे दोन आकडे सारखे असतात, ६ मधे १ + २ + ३ = ६ तसे. आपली त्यातली नाही.

१ पासून १९१२१९६१ पर्यंत अशा किती संख्या आहेत ज्यांचा हिच्याशी १ सोडून काहीच समान अवयव नाही? प्रत्येक अवयवातून एक वजा करून गुणा: २ × १८ × ३३५४७२ = १२०७६९९२. एवढं सोपं, पण अवयव माहीत असले तरच. नसले तर काही खरं नाही, आणि तुमच्या ब्राउझरमधलं ते कुलूप ज्या आरएसए पद्धतीवर बऱ्याच ठिकाणी उभं आहे (१९७७, रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन) तिचा भरवसा हाच, की फोडता न आलेल्या संख्येचा हा आकडा बाहेरच्याला काढता येत नाही.

वर्गांचं पण बघून घ्या. विषम संख्या असली की ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येतेच. विभाजकांची जोडी घ्या, १९ आणि १००६४१९, बेरजेचं निम्मं ५०३२१९, वजाबाकीचं निम्मं ५०३२००. तर ५०३२१९ चा वर्ग वजा ५०३२०० चा वर्ग = आपली तारीख. आठ विभाजक म्हणजे चार जोड्या, अशा चार पद्धती, उरलेल्या तीन तुम्ही काढा. दोन वर्गांची बेरीज मात्र होत नाही. चारने भागून बाकी १ येते म्हणून वाटतं होईल, पण ३ आणि १९ दोघेही चारने भागल्यावर बाकी ३ देणारे आणि दोघेही एकेकटे, तिथे गाडी अडते. आतला मोठा ३३५४७३ मात्र सरळ बसतो: ४६३ चा वर्ग २१४३६९, ३४८ चा वर्ग १२११०४, बेरीज करून बघा.

अंकांचे खेळ, पण हे वेगळ्या कप्प्यात ठेवा

वरचं सगळं संख्येचं स्वतःचं आहे. तुम्ही ती द्विमान पद्धतीत लिहा (१००१०००११११०००१११००१०१००१, पंचवीस जागा आणि त्यात बारा एक्के) तरी अवयव तेच राहणार. अंकांची बेरीज वगैरे मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहे, तो संख्येचा नुसता कपडा. नेटवर लोक दोन्ही एकत्र कालवून "अद्भुत गुणधर्म" म्हणून फिरवतात ते मला पटत नाही. पण खेळायला काय जातंय, आणि या खेळातले उस्ताद आपलेच, देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर.

त्यांची हर्षद संख्या म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जाणारी. आपली ३० ने जात नाही, शेवटी शून्यच नाही. त्यांची स्वयंभू संख्या म्हणजे जिला कुणी "जन्म" देत नाही, म्हणजे कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही. आपली स्वयंभू पण नाही, १९१२१९२८ च्या अंकांची बेरीज ३३, ती तिच्यात मिळवा, १९१२१९६१ हजर.

आणि नुसतं साल घेऊन कापरेकरांची वजाबाकी करा, मोठ्यात मोठी मांडणी वजा लहानात लहान: ९६११ − ११६९ = ८४४२, मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचते, १९६१ ने सातही घेतल्या. वर १९६१ इंग्रजी आकड्यांत लिहून कागद उलटा फिरवा, परत १९६१ च वाचाल. मराठी आकड्यांत करू नका, काहीतरी भलतंच दिसतं.

कॉम्प्युटरवर करायचं असेल तर

लिनक्सवर फॅक्टर नावाची कमांड आहे, पुढे नुसता आकडा द्यायचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत तिन्ही अवयव समोर. एक्सेलमधे आठ-दहा अंकांपर्यंत ठीक, पण ते पंधराच अंक धरून ठेवतं, सोळाव्यापासून पुढे गुपचूप शून्य घालतं, तेव्हा आधारसारखे लांब आकडे जोडून प्रयोग करायला जाल तर उत्तर चुकेल आणि कळणार पण नाही. आणि कॉम्प्युटर सगळं फोडतो असं पण नाही, २५० अंकी आरएसए-२५० नावाची संख्या २०२० मधे फुटली ती कितीतरी मशीन एकत्र जुंपून.

सरावाला घटकराज्य दिनाची तारीख घ्या, ३००५१९८७. ३ आणि ७ मी सांगून टाकतो, मग उरतात १४३१०४७ आणि छत ११९६. भाचीने हीच धरलीय. काल रात्री मेसेज आला, मामा ४३ पर्यंत आले, बाकी ७, आई झोप म्हणतेय.